कुंकवाखालचा दिवा

कुठल्याही कंप्युटरवर 'हो'चं बटण दाबण्याआधी मी त्या कंप्युटरचं नाव मोठ्यानं उच्चारते. गिऱ्हाइकं हसतात. मंचरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत्यानं तर विचारलं, "मॅडम, मंतर म्हणता का काय?" मी नुसती मान हलवली. अनोळखी माणसांसमोर माझे शब्द घशातच बसून राहतात. ते एक नाव मात्र मी उच्चारतेच. ही सवय का लागली ते दुकानात आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

मी मंचरला दीपकभाऊंच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दुकानात बसून करायची कामं बाकीचे करतात आणि गावोगावची कामं माझ्याकडे येतात, कारण मला नाही म्हणता येत नाही. तळेघरच्या डोंगरापासून पिंपळवंडीच्या उसापर्यंत माझी स्कूटी फिरते. डिकीत पेचकस, ब्रश, दोन-चार वायरी आणि एक-दोन डब्या.

डबी हा आमच्या दुकानातला शब्द. बिलावर तिचं नाव केव्हीएम स्विच. आमच्याकडे जुना कंप्युटर कुणी टाकून देत नाही. नवा आला की जुना टेबलाखाली सरकतो आणि तिथून काहीतरी काम करत राहतो. पण टेबलावर दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड, दोन माउस मावत नाहीत आणि घ्यायची कुणाची तयारीही नसते. मग आम्ही डबी बसवतो. तळहाताएवढं खोकं, मागे वायरींचा झुबका, वर एक बटण आणि दोन बारीक दिवे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस डबीला जोडायचे आणि डबीतून दोन्ही कंप्युटरना वायरी न्यायच्या. बटण दाबलं की समोर पहिला कंप्युटर, पुन्हा दाबलं की दुसरा. दोन्ही आपापली कामं करतच असतात. तुमचे डोळे आणि हात तेवढे इकडून तिकडे जातात.

स्वस्त डबीची दुखणीही ठरलेली आहेत. अक्षरांना सावली पडते. एखादा कंप्युटर चालू होताना बटण दुसरीकडे असेल, तर तो कीबोर्ड ओळखायलाच तयार होत नाही. हे सगळं मी नीट समजावून सांगते, तरी लोकांची शंका वेगळीच असते. त्या आडत्याच्या एका कंप्युटरला इंटरनेट होतं आणि दुसऱ्याला त्यानं मुद्दाम दिलं नव्हतं. डबीकडे संशयानं बघत तो म्हणाला, "ह्याचं त्याला कळंल का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"न्हाई म्हंजे अजिबात न्हाई, का थोडं थोडं?"

अजिबात नाही. डबीतून या कंप्युटरच्या फायली त्या कंप्युटरमध्ये जात नाहीत. डबीची एकच भीती खरी आहे. समोर दिसतंय ते कुणाचं, हे विसरण्याची. आपण या यंत्राशी बोलतोय असं वाटतं आणि ऐकत असतं ते भलतंच.

पिंपळवंडीला संगीताताईंची हॅचरी आहे. अंडी उबवून गावरान कोंबडीची पिल्लं काढायची जागा. त्यांचं घर मूळचं मेंढपाळाचं. सासरे आबा सगळं आयुष्य मेंढरांमागे चालले. गुडघे थकल्यावर कळप विकायचा ठरला, तेव्हा ताईंनी हट्टानं ही यंत्रं घेतली. दिरांनी गावभर केलं, "मेंढरं इकून डबडी आणली वयनीनं." ताईंचे यजमान मधल्या मधे. एक हंगाम बघू, नाहीतर टेंपो चालवू, असं त्यांनी सांगून ठेवलेलं.

यंत्रं दोन. पहिलं सेटर. यात अंडी अठरा दिवस राहतात, ठरावीक उबेत, आणि यंत्र त्यांना अधूनमधून कलती करत राहतं, कोंबडी चोचीनं फिरवते तसं. मग ती दुसऱ्या यंत्रात, हॅचरमध्ये न्यायची. तिथे तीन दिवस गेले की एकविसाव्या दिवशी पिल्लं कवच फोडतात. प्रत्येक यंत्राला एक जुना कंप्युटर जोडलेला. उष्णता, दमटपणा, पंखे, धोक्याचा भोंगा सगळं त्याच्या हातात. दोन्ही कंप्युटर शेजारच्या छोट्या खोलीत, आणि त्यांच्यात एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस. डबी मीच बसवली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात हॅचरच्या कंप्युटरची डिस्क गेली. मी नवी डिस्क टाकली, आणि सगळं पहिल्यापासून बसवायचा कंटाळा करून सेटरच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली. यंत्र कुठल्या वायरीवर आहे तेवढं बदललं. दोन्हीकडे तोच निळा पडदा, तीच चित्रं, आणि वर ठळक अक्षरांत तेच नाव, सेटर. हॅचरवरचं नाव बदलायला पाच मिनिटं लागली असती. मंचरहून दीपकभाऊंचा फोन येत होता. नंतर करू म्हटलं. ताईंना सांगितलं, "डबीवरचा दिवा बघायचा. एकचा लागला की सेटर, दोनचा लागला की हॅचर."

"दिव्यावं इस्वास," ताई हसून म्हणाल्या.

त्याच वर्षी दसऱ्याला ताईंनी मला हॅचर तयार करून द्यायला बोलावलं. सेटरमध्ये बारा हजार अंडी होती. यंत्र पहिल्यांदाच काठोकाठ भरलं होतं. तळेघरकडच्या बायकांच्या गटानं त्या पिल्लांसाठी खुराडी बांधून ठेवली होती. अंडी सोळा दिवसांची झालेली, म्हणजे दोन दिवसांनी हॅचरमध्ये न्यायची. त्याआधी रिकामं हॅचर धुऊन, तापवून बघून, मग वारं देऊन तयार ठेवायचं. धुऊन तापवायचं काम ताईंनी सकाळीच केलेलं, वारं द्यायचं माझ्याकडे होतं. हॅचर अजून गरमच होतं, म्हणून दोन्ही यंत्रांच्या आकड्यांत फारसा फरक नव्हता.

मी पोचले तेव्हा पूजा झाली होती. मेंढपाळाच्या घरात दसऱ्याला काठी, घोंगडी, कात्री पुजतात. आबांनी त्यांच्या शेजारी यंत्रांचाही नंबर लावला होता. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर अक्षता, आणि डबीवर हळद-कुंकवाचा ओला, जाडसर टिळा. तो बरोबर दोन्ही दिव्यांवर बसलेला.

"त्यो बी राबतोय की वरीसभर," आबा म्हणाले.

मी ते कुंकू पुसायला हवं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण पूजेचं कुंकू, आबा शेजारी उभे, आणि मी परकी. 'आबा, जरा पुसते हं' एवढं वाक्य मनात दोनदा तयार केलं आणि गिळलं. बटण सेटरवरच असतं नेहमी, एकदा दाबलं की हॅचर, असा हिशेब करून मी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तोच निळा आला. पूजेआधी डबी पुसताना ते बटण आधीच एकदा दाबलं गेलं असेल, हे मनातही आलं नाही.

धुण्यानंतर यंत्र सुकवायची एक सोय त्यात आहे. हीटर बंद, पंखे जोरात, झडपा उघड्या, आणि भोंगा गप्प, कारण रिकाम्या यंत्राची काळजी कुणाला? ती निवडल्यावर पडद्यावर प्रश्न येतो: यंत्र रिकामं आहे का?

मी 'हो' दाबलं.

काम झालं की मी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढते. दीपकभाऊंना दाखवायला. तसा काढला. ताईंनी पुरणपोळीचा आग्रह केला, मी मावशीकडे जायचंय म्हणून सुटले. अडीच वाजले असतील.

मावशी नारायणगावला राहते. जेवण झालं, गप्पा झाल्या. पाचच्या सुमाराला दीपकभाऊंचा निरोप आला, 'फोटो पाठव.' पाठवण्याआधी मी तो नीट बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दिवस १६.

रिकाम्या हॅचरला दिवस नसतो.

मी तो आकडा बोटांनी मोठा करून बघितला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. ताईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दसऱ्याची संध्याकाळ, सगळं गाव सोनं लुटायला देवळाकडे निघालेलं. त्यांच्या यजमानांचा नंबर माझ्याकडे नव्हता. आबा फोन बाळगतच नाहीत. मावशी विचारत होती, "अगं, झालं काय?" मी चप्पल शोधत होते.

महामार्ग सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊस. दिवस कलल्यावर तिथून जाताना आमच्याकडे सगळेच हॉर्न वाजवत जातात, बिबट्याला आपण येतोय हे कळावं म्हणून. मी एकदाही हॉर्न वाजवला नाही. त्या रस्त्यावर मला बिबट्याची आठवण झाली नाही असा तो एकच दिवस. डोक्यात एकच चित्र, अंधाऱ्या यंत्रात रांगेनं अंडी, प्रत्येकात चोच, नखं, पिसं तयार झालेलं काहीतरी, आणि त्यांच्यावर जोरात वारं सोडून मी मावशीकडे पुरणपोळी खात बसलेली.

घर उघडं होतं, माणसं नव्हती. यंत्रांच्या खोलीत पंख्यांचा मोठा आवाज येत होता. सेटरच्या दारावर उष्णतेचा आकडा दिसतो. तिथे साडेसदतीस असायला हवं. एकोणतीस होतं.

मी शेजारच्या छोट्या खोलीत जाऊन ओढणीनंच डबीवरचं कुंकू पुसलं. खाली एकचा दिवा जळत होता. मी दुपारी बटण दाबल्यापासून जळत असणार.

सेटर पुन्हा नेहमीच्या चालीवर टाकलं. झडपा मिटल्याचा आवाज आला. आकडा हलेना. उष्णता चाळिसापर्यंत नेली तर लवकर भरून निघेल असं वाटलं आणि मी माउसनं उष्णतेची चौकट उघडली. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसत होती. पडद्यावर दिवसभराचा आलेख होता. सरळ रेघ, आणि अडीचनंतर विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. तो पुसायचा कसा ते मला येतं. दोन मिनिटांचं काम. अंडी का मेली हे कुणाला कधीच कळलं नसतं. वीज गेली असेल म्हणाले असते.

"काय झालं, पोरी?"

आबा दारात होते. गुडघ्यांमुळे ते देवळाला गेलेच नव्हते, मागच्या पडवीत आडवे झालेले. माझ्या हातातली लाल झालेली ओढणी त्यांनी बघितली.

माझ्या तोंडून इंग्रजीच यायला लागलं. घाबरले की माझं तसं होतं, सगळं शिक्षण त्यातच झालेलं. आबा शांतपणे म्हणाले, "मला कळंल असं बोल." मग मी सांगितलं. बटण, दिवा, रिकामं आहे का, हो.

ते सेटरचं दार किलकिलं करून आत गेले. एक अंडं घेऊन बाहेर आले, डोळा मिटला आणि ते पापणीला टेकवलं. मग माझ्यापुढे धरलं. "लाव. हाताला कळत न्हाई, पापनीला कळतंय."

मी लावलं. वरून गार होतं. धरून ठेवल्यावर आतून अगदी मंद, निवत आलेल्या चहाएवढी ऊब आली.

"हाय अजून," आबा म्हणाले.

"मी उष्णता वाढवू का, आबा? पटकन?"

"एकदम नगं. गारठल्यालं कोकरू लगीच जाळापाशी न्हेलं की मरतंय. आपल्या चालीनं येऊ दे."

मी ती चौकट बंद केली. ताईंच्या टॉर्चवर अंडं धरून बघितलं. सोळाव्या दिवशी आत सगळा काळोख असतो, फक्त पिल्लू जिवंत असेल तर वरच्या हवेच्या पोकळीच्या काठाला सावली हलताना दिसते. पहिल्यात हलली नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात हलल्यासारखी वाटली, पण तेव्हा माझाच हात हलत होता.

"ताईंना तुम्ही सांगाल का?" मी विचारलं.

आबांनी डबीकडे बघितलं. "कुकू म्या लावलं. त्येवढं म्या सांगीन. बाकीचं तुझं."

अंधार पडायच्या आत ताई आल्या. नवी साडी, केसात झेंडू, हातात आपट्याची पानं. मला बघून त्यांना आनंदच झाला. "अगंबाई, सायली! परत आलीस? बरं केलंस." माझ्या तळहातावर पानं ठेवून म्हणाल्या, "सोनं घे, सोन्यासारखी राहा."

ती पानं हातात असताना मी सांगितलं. एका दमात, त्यांच्या पायांकडे बघत. आबा मागून म्हणाले, "दिव्यावं टिळा माझा व्हता, सुनबाय."

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी केसातलं फूल काढून टेबलावर ठेवलं, माझ्या हातातून टॉर्च घेतली आणि आत गेल्या. यजमान चपला काढता काढता म्हणाले, "आता भावाला काय सांगायचं?" आतून ताईंचा आवाज आला, "काय बी सांगायचं न्हाई. एकविसावा दिस येऊ द्या." आकडा तेव्हा बत्तिसावर आला होता.

मी निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

पुढचे चार दिवस मी दुकानात गेले, कामं केली. रोज संध्याकाळी ताईंना एकच शब्द लिहून पाठवायची, 'कसंय?' उत्तर यायचं, 'बघू.' दीपकभाऊंनी विचारलं, "पिंपळवंडी ओके?" मी मान हलवली. मान हलवण्याचा हा एक फायदा आहे, ते खोटं बोलणं वाटत नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी न सांगता गेले. आदल्या संध्याकाळपासूनच हॅचरच्या आतून चिवचिव ऐकू यायला हवी होती, पिल्लं कवचात असतानाच बोलायला लागतात. यंत्र गप्प होतं. ताईंनी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी छोट्या खोलीत जाऊन स्वच्छच असलेला कीबोर्ड ब्रशनं झाडत बसले. हॅचरच्या पडद्यावरचं नाव बदललं. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

दुपारी आबांची हाक आली. "पोरी, हिकडं ये. कान लाव."

दाराचा पत्रा कोमट होता. आधी पंखा ऐकू आला. मग त्याच्या खाली, खूप लांबून आल्यासारखा एक बारीक आवाज. मग दुसरा. ताईंनी पलीकडून कान लावला होता. आमचे चेहरे वीतभर अंतरावर होते आणि दोघींचेही श्वास रोखलेले. तिसरा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

पिल्लं निघाली, पण उशिरा, आणि सगळी नाही. झडपांच्या समोर जे ट्रे होते, त्यांतली पुष्कळ अंडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यातला एक ट्रे माझ्यासमोर ठेवला. न निघालेली अंडी फोडून बघायची पद्धत असते, पिल्लू कितव्या दिवशी गेलं ते कळतं. "ये. फोडून बघू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण त्यांनी मला एकटीला सोडलंही नाही आणि सुटूही दिलं नाही. आम्ही दोघींनी मिळून तो ट्रे फोडला. पुरी झालेली पिल्लं होती, डोकं पंखाखाली घेतलेली. शेवटचं अंडं फोडल्यावर ताई म्हणाल्या, "आता हात धू."

तळेघरच्या बायका पिल्लं न्यायला आल्या, तेव्हा मी तिथेच होते. दोघींना कमी मिळाली. एकजण म्हणाली, "काय वो ताई, एवढा येळ का लागला यंदा?"

"माझ्याकडनं उशीर झाला," ताई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानातही त्यांचा फोन गेला नाही. दीपकभाऊंना हे आजही ठाऊक नाही, आणि हे ज्या मासिकात छापून येणार त्याचा अंक त्यांच्या टेबलावर येतो, हे मला ठाऊक आहे.

हॅचरी चालू आहे. टेंपोचा विषय आता निघत नाही. त्या दोन कंप्युटरांत अजूनही एकच मॉनिटर आहे, डबीही तीच. सेटरचा पडदा मी लाल केलाय, हॅचरचा पिवळा, आणि वर मोठ्या अक्षरांत नावं. तरी बटण दाबताना माझ्या बोटाला घाम येतो.

गेल्या दसऱ्याला ताईंनी पुन्हा बोलावलं. मॉनिटरला माळ होती, कीबोर्डवर अक्षता होत्या. डबीवर कुंकू होतं, पण कडेला, बोटाच्या टोकानं नेमकं लावलेलं. दोन्ही दिवे मोकळे. आबा काठीवर रेलून उभे होते.

बटण दाबलं. दोनचा दिवा लागला, पडदा पिवळा झाला. सुकवायची सोय निवडली. पडद्यावर तोच प्रश्न आला.

"हॅचर," मी मोठ्यानं म्हटलं. "रिकामं आहे का?"

आबा वळले, काठी टेकत शेजारच्या खोलीत गेले. हॅचरचं दार उघडल्याचा आवाज आला. ते आत टॉर्च मारून एकेक कप्पा बघत असणार, कारण बराच वेळ गेला. माझं बोट बटणाच्या वर अधांतरी होतं.

"रिकामं हाय," ते आतून ओरडले. "दाब आता."